माहेर निघालं दुबईला

पहिलं बाळंतपण माहेरी, ह्याच्यावर आमच्याकडं कुणी चर्चा करत बसत नाही. सातव्यात ओटी भरायची, पोरीला घरी आणायचं आणि बाळाला सव्वा महिना झाल्याशिवाय सासरी पाठवायचं नाही. माझ्या आईचं असंच झालं, माझं असंच झालं. पण माझी लेक नवऱ्याबरोबर दुबईला राहते, आणि तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं की बाळ होईपर्यंत विमानात बसायचं नाही.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. परक्या गावात, नवरा ड्यूटीवर गेलेला, आणि मी इकडं लातूरजवळ मुरुडच्या शिवारात सोयाबीन काढत होते. ती फोनवर रडायची आणि मी इकडून "रडू नको गं, रडू नको" एवढंच म्हणत राहायची. फोनमधून पाठीवर हात कसा फिरवणार? फोन ठेवला की मी गोठ्यात जाऊन रडायची, कारण घरात रडलं की आमच्या ह्यांना सुधरत नाही. तेव्हाच मी ह्यांना बजावलं होतं, "पुढच्या खेपेला पोरगी एकटी राहणार न्हाई. काय वाट्टेल ते होऊ द्या."

तर डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणल्यावर तिचा फोन आला. आवाज एवढासा. "आई, तू येशील ना?"

"येते की! न यायला काय झालंय?" मी म्हणून बसले. जसं काय दुबई म्हणजे औसा, एसटीत बसलं की उतरलं.

मग कळलं की आधी पासपोर्ट लागतो. तो लातूरला पोस्टातच काढून मिळतो हेही तेव्हाच कळलं. आम्ही दोघं गेलो. तिथल्या पोरीनं माझा फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले. पुढं काही दिवसांनी पोलीस घरी चौकशीला आला, तर अख्खी गल्ली दारात. शेजारीण तर डोक्यावरचा पदर सावरत थेट आमच्या ओसरीवर. "काय झालं गं? बांधाचं भांडण हाय का?" मी म्हणलं, "बांधाचं न्हाई माय, बाळाचं हाय." पोलिसाला चहा पाजला, तर त्यालाच दुबईची मजुरी किती आणि खोल्या कशा असतात हे विचारायचं होतं. मी अजून पाहिलीच नाही तर काय सांगू, डोंबल?

पासपोर्ट आला आणि माझं डोकं फिरलं. मागच्या पानावर एक वेगळी नोंद. जावयांनी फोनवर समजावून सांगितलं, की दहावी पास नसलेल्या माणसाला आखाती देशात जायचं असलं की सरकार जास्त चौकशी करतं. बायकांना कामाचं आमिष दाखवून नेतात आणि फसवतात, म्हणून ही काळजी. माझी शाळा नववीत नापास झाल्यावर सुटलेली. पन्नाशी उलटली असती तरी ती नोंद लागली नसती म्हणे, पण मी शेहेचाळीस वर्षांची. म्हणजे शिकलेली पण नाही आणि म्हातारी पण नाही! दोन्हीकडून गेले. "माझं नापास होणं आता परदेशापर्यंत कळवायचं का?" मी ह्यांच्यावर ओरडले. ह्यांनी पेपरात तोंड घातलं. त्यांचं ते कायमचंच आहे.

व्हिसा जावयांनीच तिकडून काढला. माझी समजूत, की एखादं जाडजूड, सोनेरी अक्षरांचं काहीतरी पोस्टानं येईल. आला तो मोबाइलवर. दोन महिन्यांचा, भेटीचा. आणि त्याच्या जोडीला परतीचं तिकीट पाहिजेच. हा नियम काही माझ्या गळी उतरेना. अहो, जायच्या आधीच परत यायचं कसं ठरवायचं? बाळंतीण कधी हिंडूफिरू लागंल ते मला काय ठाऊक? पण जावई शांत माणूस. म्हणाले, "मामी, परत जाणार हाय हे दिसलं की ते आत घेतात. आणि कुणी विचारलं तर सांगा, फिरायला चाललेय. काम हा शब्द तोंडातून काढू नका. तुमच्या पासपोर्टवर ते आधीच बघतेत."

"बरं," मी म्हणलं. मला काय, फिरायला तर फिरायला.

विमानाच्या दोन दिवस आधी विहीणबाई आल्या. ह्या हदगावकडच्या. आयुष्यभर कपाशीत राबलेल्या, बोलायला कमी. सुनेकडं जायची त्यांनाही ओढ होती, पण घरी त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना टाकून येणार कशा? चार दिवस नणंदेला घरी बसवून त्या मला वाटं लावायला आल्या होत्या. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड, आणि एवढ्या सगळ्या एसट्यांत मांडीवर एक स्टीलचा डबा. उघडला तर घरभर वास सुटला. डिंकाचे लाडू. त्यात खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी, सगळं तुपात तळलेलं.

"मी तर येऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं सुनेला सांगा, सासूनं तुझ्यासाठी वळून दिले म्हणून."

खरं सांगते, मला बरं वाटलं आणि थोडं टोचलंही. लाडू माहेरचे असतात. पण मी माझं सामान आधीच भरून ठेवलं होतं. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, बाळाची झबली, टोपडी, एक गोधडी, आणि तिखटमिठाचं सगळं. म्हणलं जाऊ दे, लाडू त्यांचे तर त्यांचे.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. विहीणबाईंनी डबा कौतुकानं मोबाइलसमोर धरला. लेकीचा चेहरा आधी फुलला आणि मग एकदम उतरला.

"आई, लाडवात खसखस हाय का?"

"घातली की," विहीणबाई म्हणाल्या. "खसखशीशिवाय बाळंतिणीचे लाडू होतात का?"

"अगं आई, ते आणू नको! खसखस इथं चालत न्हाई. अफूच्या बोंडातली असती ना ती. एअरपोर्टवर सापडली तर पकडून नेतेत. आमच्या इथल्या मराठी बायकांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मी तर बघतच राहिले. खसखस! जी आम्ही लेकराला झोप लागावी म्हणून दुधात उगाळून देतो, ती? आता लाडवाला पण व्हिसा लागतो का? पण तो राग निघाला भलतीकडंच. फोन ठेवल्यावर मी डब्याचं झाकण दाबून लावलं आणि म्हणलं, "विहीणबाई, आपण परदेशात पाठवतोय. तिथले नियम विचारून घ्यावं माणसानं. उद्या मला बेड्या पडल्या असत्या म्हणजे?"

"मला काय माहीत व बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी तर सुनेसाठी केले."

त्यांनी डबा उचलून फडताळात ठेवला. जेवताना ह्यांनी त्यातला एक लाडू खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि माझ्या नजरेनं दुसरा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हैदराबादला निघालो. लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी विमानतळावर गेलो. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, तेव्हा हे आणि विहीणबाई बाहेर बाकावर बसले. मी काचेच्या दारातून एकटी आत गेले. आत एवढा गारवा, एवढी चकचकीत फरशी की पाय टाकायला भीती वाटत होती. पण कुणालाही विचारायला मी कधी लाजत नाही. ह्याला विचार, त्याला विचार करत काउंटरवर पोचले. बॅग पट्ट्यावर ठेवली, ती सरकत सरकत आत गेली, आणि मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई.

"अहो, तुमच्या काळ्या मसाल्यात खसखस असते का?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मला वाटलं, परवाचा डाव काढतायत. "विहीणबाई, ही काय वेळ आहे का? लाडू ठेवले म्हणून आता माझ्या मसाल्यावर..."

"तसं नाही व!" त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "आम्ही इथं भाकरी खाऊन राहिलो. वांगं चांगलं लागलं म्हणून मी व्याह्यांना विचारलं, मसाल्यात काय घालता. ते म्हणले, धने, तीळ, खोबरं, खसखस. मसाला बॅगेत आहे का तुमच्या?"

अगं बाई! बॅगेत नुसता काळा मसाला होता का? भाजक्या डाळींचं येसर होतं, चटणी होती, आमटीचा मसाला होता. सगळं मीच भाजलेलं. ह्यांनी डंकावर नेऊन कुटून आणलेलं. कशात खसखस होती आणि कशात नव्हती, हे त्या घडीला माझ्या बापालाही आठवलं नसतं. आणि सगळ्या पुड्या मी बाळाच्या दुपट्यांत गुंडाळून भरलेल्या, फुटू नयेत म्हणून. मला घाम फुटला, त्या गारठ्यात.

मी परत काउंटरवर गेले. तिथली मुलगी हैदराबादी हिंदी बोलायची, मला तिचं कळायचं आणि तिला माझं. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती घाबरली नाही, उलट म्हणाली, "आंटी, अच्छा हुआ आप बोल दिए." बॅग परत मागवता येईल, पण काउंटर बंद व्हायला आलंय. उघडून, निवडून, पुन्हा चढवेपर्यंत विमान चुकलं तर तिच्या हातात काही नाही.

मी एवढ्या वेळात जे कधी केलं नव्हतं ते केलं. दोन श्वास घेतले आणि विचार केला. सकाळीच लेकीचा फोन आला होता, कंबर दुखायला लागलीय म्हणून. हे विमान चुकलं तर पुढचं कधी, आणि ती तोपर्यंत दवाखान्यात गेली म्हणजे? पुन्हा मी फोनवरच "रडू नको गं" म्हणत बसू?

"बॅगच राहू द्या," मी म्हणलं. "पुरी बॅग उतारो. मेरा आदमी बाहर बैठा है, उसकू देव."

असं म्हणायला सोपं आहे. पण त्या दुपट्यांतली दोन माझ्या आईच्या लुगड्याची होती, ती असताना शिवलेली. माझे डोळे भरून आले. पदरानं पुसले आणि पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

आता तुम्हीच सांगा, पासपोर्टवर तसली नोंद, कपाळाला घाम, डोळे लाल, आणि दोन महिन्यांच्या प्रवासाला निघालेल्या बाईच्या हातात एक पर्स. मी त्या साहेबाच्या जागी असते तर मीसुद्धा अडवलं असतं. त्यानं पासपोर्ट उलटून पाहिला, मागचं पान पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"अम्मा, किधर जा रहे?"

"दुबई. बेटी के पास."

"सामान किधर है?"

"नहीं है."

"क्या करने जा रहे?"

जावयांनी घोकून घेतलेलं उत्तर तोंडाशी होतं. फिरायला. पण मी काय सांगू, त्या सकाळी मला ते जमेना. लाडू गेले, मसाला गेला, आईच्या लुगड्याची दुपटी गेली, आणि वर मी म्हणू की फिरायला चाललेय?

"बच्चा होने वाला है उसको," मी म्हणलं, आणि माझा आवाज चढला. "पहिला एक गेला. अकेली थी तब. अब मैं उसका बाळंतपण करने जा रही. उसके घर का सब काम करूंगी, सैपाक करूंगी, बच्चे को नहलाऊंगी. और आप बोलेंगे फिरने कू जाओ, तो नौ महिने की बेटी कू छोड के मैं वो ऊंचा टावर देखने कू जाऊं क्या?"

रांगेतली माणसं बघायला लागली. मला वाटलं, संपलं. काम हा शब्द निघाला तोंडातून, तोही किती वेळा! जावई म्हणतील, मामींनी घोळ घातला.

साहेबानं पासपोर्ट बाजूला ठेवला. "बॅग का क्या हुआ, वो बोलो पहले."

मग मी खसखशीपासून सगळं सांगितलं. लाडू, विहीणबाई, वांग्याची भाजी, काळा मसाला. सांगता सांगता माझंच मला हसू यायला लागलं आणि रडूही. त्यानं मध्ये अडवलं नाही. परतीचं तिकीट बघितलं. व्हिसा बघितला. जावयाचा फोन नंबर विचारला, पण लावला तो मीच, व्हिडिओ कॉल. पलीकडं जावई नाही, लेकच दिसली. गाऊनमध्ये, केस विस्कटलेले, कंबरेला हात लावून बसलेली.

"आई? अजून हैदराबादलाच हायस? काय झालं? येईनास का तू?"

साहेबानं मोबाइलमध्ये पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "आ रहे बेटा, आ रहे," तो तिला म्हणाला, आणि ठप्पा मारला. मला म्हणाला, "मेरी मां भी ऐसेच चिल्लाती. जाओ अम्मा, गेट बंद हो जाता."

मी त्याला हात जोडले. बाप्पा, ह्या माणसाचं भलं कर, एवढंच मनात आलं. आणि साडी सावरत मी पळत सुटले. शेहेचाळिसाव्या वर्षी, एवढ्या लोकांत, पळत. मागून विहीणबाईंचा फोन येतच होता. पळता पळताच उचलला. "झालं, सोडलं मला," एवढंच म्हणलं, आणि पलीकडून त्या रडायलाच लागल्या. "पोचा तुम्ही," त्या म्हणत होत्या. "बाकी काही नको. तुम्ही पोचा."

मी म्हणलं, "विहीणबाई, परवा बोलले त्याचा राग धरू नका."

"पळा व आता!" त्या म्हणाल्या.

विमानात मी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. डोळे मिटून बसले आणि मनातल्या मनात एकच चाललं होतं, आज नको, बाळा, आज नको. तुझी आजी रस्त्यात आहे.

दुबईला उतरल्यावर तिथल्या काउंटरवरच्या बाईनं मला कॅमेऱ्यात बघायला सांगितलं आणि ठप्पा मारला. एक शब्दही विचारला नाही! मी किती उत्तरं तयार ठेवली होती. सगळी माणसं पट्ट्याभोवती बॅगांची वाट बघत उभी होती, मी सरळ चालत सुटले. सामान तपासणाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तपासायला होतं काय?

बाहेर आले आणि समोर बघते तर लेक. खुर्चीवर बसलेली, शेजारी जावई अपराध्यासारखे उभे. डॉक्टरीणबाईंनी हिला पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलेलं, आणि ही एवढ्या गर्दीत!

"तुला यायला कुणी सांगितलं होतं गं?" मी लांबूनच सुरू झाले. "अक्कल हाय का न्हाई? आणि तुम्ही, जावईबापू, तुम्ही कसं आणलं हिला? कंबर दुखती म्हणतीस आणि..."

"मामी, ऐकलंच न्हाई हिनं," जावई म्हणाले. "तुमचं सामान?"

"सामान काही नाही," मी म्हणलं. "मीच आहे."

लेक खुर्चीच्या दांड्याला धरून उठली. माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि सगळा भार माझ्यावर सोडून दिला. किती महिने ती तशी उभीच राहिली असावी, कुणावर न टेकता, असं मला वाटलं. तिचं पोट माझ्या पोटाला टेकलं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि तोंडानं अजून बडबडतच होते, चप्पल कसली घातलीस, काही खाल्लंस का.

तेवढ्यात आतून एक लाथ बसली. मला. माझ्या बरगडीखाली, चांगली जोरात.

माझी बडबड तिथंच थांबली. मी तिच्याकडं पाहिलं, ती रडता रडता हसत होती. "आई, कळलं तुला?"

कळलं नाही कसं? मी तिथंच, त्या फरशीवर, सगळ्या दुनियेसमोर हुंदके देऊन रडले. आणि तिच्या पोटावर हात ठेवून त्याला म्हणलं, "आले रे बाबा, आले. आता ये तू खुशाल."